जहुराच्या व्हिसावरचं लग्न

फिरोजाबीच्या जिभेला हाड नाही, असं सगळी बोर्ली म्हणायची. फक्त तिच्या तोंडावर म्हणायची नाही. तोंडावर म्हणायची छाती माझ्या एकटीची. आमच्या दोघींच्या वाड्यांमध्ये एकच कुंपण होतं आणि त्या कुंपणाला तिने माणूस जाईल एवढं भगदाड पाडून ठेवलं होतं. मी तिला फिरोजाबी म्हणायचे. मी मुलींच्या शाळेत शिकवते म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. माझं नाव सत्यवती आहे, हे तिला ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्यावर लिहायला बसले तर लोक विचारतील, तिने असं केलं तरी काय? तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो एडनला तापाने वारला. तिने सुपारीची वाडी राखली, मकसूद आणि जहुरा ही दोन मुलं वाढवली, गड्यांना शिव्या दिल्या आणि त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं की पेज घेऊन गेली. अशा बायका आमच्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत. पण १९५५ साली मी तिच्याबरोबर अलिबागला गेले होते, आणि तिथे तिने जे केलं ते मला अजून जमलेलं नाही.

आधी कराचीचं सांगायला हवं. आमच्या भागातल्या मुसलमान घरांना कराची म्हणजे परदेश कधीच नव्हता. मुंबईच्या पुढचं एक बंदर, एवढंच. इथली माणसं तिथे गोदीवर, बोटींवर कामाला जायची आणि ईदेला घरी यायची. फिरोजाबीचा भाऊ तसाच गेला होता. देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा तो तिथे होता, म्हणून तिथलाच झाला. त्याच्या मुलाला फिरोजाबीने आपली जहुरा दिली. लहानपणापासून ठरलेलं होतं आणि शब्द मोडायची तिच्या घरात रीत नव्हती. लग्न झालं तेव्हा परमिटवर भागत असे. त्याच वर्षी पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाला, आणि पोरीला माहेरी यायला दोन सरकारांची परवानगी लागू लागली.

"सासूला विचारायला लागतं, ता मना समजतं," फिरोजाबी म्हणायची. "पण दिल्लीवाल्यांच्या घरची सून हाय काय ती?"

पुढच्या वर्षी जहुराला दिवस गेल्याचं पत्र आलं. पत्र मीच वाचून दाखवलं. त्या दिवशी फिरोजाबीने मशिदीपासून बाजारापर्यंत खडीसाखर वाटली. वाण्याला सांगितलं, कासाराला सांगितलं, दिवेआगरला नारळ उतरवायला गेली तर माडावर चढलेल्या गड्याला खालून ओरडून सांगितलं. जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग शिवला. कराचीला जायचा व्हिसा तिला काही मिळाला नाही, पण गावाला वाटावं की बाळंतपण पलीकडच्या खोलीतच आहे, अशी तिची वटवट चालली होती.

मूल मेलेलं जन्मलं. तेही पत्र मीच वाचलं. फिरोजाबी रडली नाही. दुपटी पेटीत घातली आणि म्हणाली, "मीच खाल्लं त्याला. माज्या तोंडानं."

नजर लागू नये म्हणून पोटातल्या मुलाविषयी फार बोलू नये, हे आमच्याकडे सगळ्याच जाती मानतात. तिच्याकडे जरा जास्त. मी तिला पुष्कळ समजावलं. समजावण्याने दुःख कमी झालं असतं तर मास्तरांच्या घरी कधी कुणी रडलं नसतं. त्यानंतर फिरोजाबी बरेच दिवस गप्प होती, आणि तिचं गप्प बसणं तिच्या बडबडीपेक्षा सोसायला कठीण होतं, हे आमच्या सगळ्या गल्लीने कबूल केलं.

दुसऱ्या खेपेची बातमी पत्राने आलीच नाही. बोटीवरच्या एका खलाशाने ती तोंडी आणली आणि फिरोजाबीने तोंडीच उलटा निरोप धाडला. बाळंतपण इथे, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होईल. आणि जावयाने कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची की ही गोष्ट घराबाहेरच्या एकाही माणसापाशी बोलणार नाही.

जावई भलताच आज्ञाधारक निघाला. कराचीत व्हिसाच्या खिडकीवर त्याला विचारलं, बायको हिंदुस्थानात कशाला चालली आहे? एक तर सासूची शपथ, त्यातून परक्या बाप्यासमोर बायकोच्या पोटातलं कसं बोलावं ही लाज. त्या भल्या माणसाने सांगितलं, "मेव्हण्याचं लग्न आहे."

झालं. जहुराला व्हिसा मिळाला तो भावाच्या लग्नासाठी, दीड महिन्याचा, फक्त बोर्ली गावापुरता. आल्यावर श्रीवर्धनच्या पोलीस ठाण्यात हजर व्हायचं, जाताना पुन्हा हजर व्हायचं, मध्ये गाव सोडायचं नाही. आणि मकसूद, म्हणजे ज्याचं लग्न होतं तो, मुंबईला गोदीत कामाला होता आणि त्याला या लग्नाचा पत्ता नव्हता.

जहुरा जानेवारीत बोटीने श्रीवर्धनला उतरली. घरी येऊन तिने ओढणी बाजूला केली तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. दीड महिन्यात हे बाळंतपण होणं शक्य नव्हतं. मुदत संपेल तेव्हा पोरीला आठवा लागलेला असणार, आणि त्या अवस्थेत तिला चार दिवसांच्या बोटीवर चढावं लागणार. तेही आईजवळून निघून.

मी म्हटलं, "फिरोजाबी, ठाण्यावर जाऊन खरं सांगून टाका."

"गप रहा, मास्तरीण," ती म्हणाली, आणि तेही हळू आवाजात. तिचा हळू आवाज ऐकून मी खरंच गप्प बसले.

आठवड्याभराने अंबाजी जमादार चौकशीला आला. अंबाजी म्हणजे मिशा मोठ्या आणि जीव लहान. पाकिस्तानातून आलेल्या पाहुण्यांवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते पाहुणे म्हणजे बहुतेक त्याच्याच बरोबर खाडीत डुंबून वाढलेली माणसं होती. तो ओट्यावर टेकला, सुपारी कातरली आणि म्हणाला, "फिरोजाबी, कागदावर लगीन लिवलंय. कुनाचं?"

"माज्या मकसूदचं," फिरोजाबीने पापणीही न हलवता सांगितलं.

"कधी?"

"या चांदात."

"पोरगी कुठली?"

इथे मात्र तिला क्षणभर थांबावं लागलं. मी दाराआड उभी होते.

"दिघीच्या मोहम्मद नाखव्याची हलिमा," ती म्हणाली.

जमादार गेल्यावर मी बाहेर आले. मोहम्मद नाखव्याच्या घरची बोलणी दोन वर्षांपूर्वीच फिसकटली होती आणि ती फिरोजाबीच्या तोंडामुळे फिसकटली होती, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. नाखव्याने पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, की पोर समुद्रात टाकीन पण त्या बाईच्या जिभेखाली देणार नाही. त्यावर फिरोजाबीने त्याच्या दोन्ही मचव्यांची आणि सात पिढ्यांची जी काय विचारपूस केली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"लगीन," ती म्हणाली. "दुसरं काय करतंस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बैलगाडीने दिघीला गेलो. नाखवा ओसरीवर जाळ्याला बूच बांधत बसला होता. आम्ही आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलो आणि बोलणं पडद्यातून झालं. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली, पण फिरोजाबीने त्या पडद्याला हात जोडले तसं काही पाहिलं नाही. पलीकडच्या नाखव्याला ते दिसत नव्हतं, तरी तिने जोडले.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "माजं तोंड वाईट. तुमच्या पोरीला मी एक शब्द वाकडा बोलले तर तुमी येऊन तिला परत न्या."

मग नाखवा म्हणाला, "ता ठीक. पण याच चांदात? एवढी घाई कशाला?"

खरं कारण फिरोजाबीच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं आणि दुसरं सांगितलं. तेही खोटं नव्हतं. "जहुरा आलीय. भावाचं लगीन तिला बघायचं आसंल तर आत्ताच. फुडं ही दोन सरकारं तिला कधी सोडतील, कुनाला ठाव?"

नाखव्याचा एक भाऊ तिकडे, पाकिस्तानात होता. मोठ्या पोरीच्या लग्नाला त्याला येता आलं नव्हतं. नाखव्याने हातातलं काम खाली ठेवलं असावं, कारण त्याची सुरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. "बरा," तो म्हणाला. "आना तुमची वरात."

मकसूदला तार केली की लग्न ठरलं आहे, निघून ये. तो बिचारा रजा घेऊन आला आणि दारात पाऊल टाकता टाकता विचारता झाला, "कुनाचं ठरलं?" त्याला सांगितल्यावर तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ पायातल्या वहाणेकडे बघत राहिला. नाराज नव्हता. दोन वर्षं हलिमाचं नाव काढायची त्याची हिंमत झाली नव्हती, आणि आता आईच म्हणत होती की उद्या हळद.

लग्न साधंच पण रीतीने झालं. अंबाजी जमादाराला आग्रहाचं बोलावणं गेलं. त्याचं जेवण माझ्या घरी शिजलं, वरणभात आणि नारळाच्या वड्या, कारण तो माळकरी होता. मांडवात बसून तो पोटभर जेवला आणि निकाह स्वतःच्या डोळ्यांनी पाहून गेला. जहुरा आत बायकांच्या घोळक्यात, अंगभर ओढणी घेऊन. भावाच्या लग्नात ती गाणी म्हणाली आणि मध्येच रडली, पण लग्नघरात रडणाऱ्या बहिणीला कोण विचारतं?

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. व्हिसावर लग्न लिहिलं होतं आणि लग्न झालं होतं. मात्र फिरोजाबीला वाटत होतं की पुढचं मुदत वाढवायचं काम जमादारच करील.

तो आला तेव्हा ती म्हणाली, "आता दोन म्हैने जास्ती लिवा."

"मी?" अंबाजी दचकला. "माज्या हातात काय न्हाय. मुदतवाढ देनार अलिबागचा साहेब. आनि फिरोजाबी, लगीन तर झालं. आता कारन काय दाखवाल?"

"आनि मुदत संपली नि ती न्हाय गेली तर?"

अंबाजीने मिशीवरून हात फिरवला. "तर मनाच येऊन तिला बोटीत बसवायला लागंल. बसवीन व्हो मी. काय करू?"

आतल्या दारात जहुरा उभी होती. तिने ऐकलं. जमादार गेल्यावर ती म्हणाली, "आय, मना तिकडं नको धाडू. त्या टायमाला मी नुसती छताकडं बघीत व्हते. कोन नव्हतं." एवढंच म्हणाली आणि खाली बसली. पोटावर दोन्ही हात धरून. आठवा नुकताच लागला होता.

तिसऱ्या दिवशी फिरोजाबी आणि मी अलिबागला निघालो. दिघीवरून तरीने खाडी ओलांडली, पलीकडून मुरुड, मुरुडहून एस. टी.ने साळाव, साळावला पुन्हा तरीची होडी, मग रेवदंडा, आणि पुन्हा एस. टी. रस्ताभर फिरोजाबी बोलली नाही. मीच तिला शिकवत होते, काय सांगायचं, कसं सांगायचं. ती मान हलवत होती. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं, की माझं एक अक्षरही तिच्या कानात शिरत नाही.

साहेबाला पडसं झालं होतं. टेबलावर बामाची डबी, हातात रुमाल, नाक लाल. वयाने पन्नाशीचा, आवाज खेकसणारा. त्याने कागद वाचला आणि वर न बघता विचारलं, "लग्न झालं ना?"

"झालं, साब," फिरोजाबी म्हणाली.

"मग पाहुण्यांनी परत जावं. अडचण काय आहे?"

"ताप येतो तिला."

"मग डॉक्टरचा दाखला कुठाय?"

"पाय सुजतात."

"आत्ता म्हणालात ताप."

"ताप बी येतो नि पाय बी सुजतात."

साहेब शिंकला. त्याने रुमाल घडी करून खिशात घातला आणि पहिल्यांदा आमच्याकडे नीट पाहिलं. "बाई, इथे रोज अशी माणसं येतात. सगळ्यांनाच ताप येतो. मला खरं कारण सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर ठरलेल्या तारखेला मुलगी बोटीवर दिसली पाहिजे."

मी तोंड उघडलं. मला वाटलं, ती नाही बोलणार, तिची शपथ आहे. मी सांगते, माझ्या तोंडाला कुठे नजरेचा शाप आहे. पण फिरोजाबीने टेबलाखालून माझं मनगट एवढं घट्ट धरलं की मी थांबले. तिने बुरख्याचा पडदा वर टाकला. तिचा चेहरा घामाने डबडबला होता.

"साब," ती म्हणाली, "माजी पोर दोन जिवांची हाय. आठवा लागलाय. पैलं पोर मेलं तिचं, तिकडं, माज्याबिगर. मी गावभर बोंबलत फिरले व्हते तेव्हा. म्हनून ह्या वक्ताला कुनाला बोलायचं न्हाय अशी मीच शपथ घातली जावयाला. त्यानं लाजंनं लगीन सांगितलं. लगीन खोटं व्हतं साब. कागद खोटा पडंल म्हनून मी पोराचं लगीन लावलं. ता आता खरं हाय. पोर बी खरी हाय. तिला बोटीत नको घालू."

शेवटी ती साहेबाला 'अरे-तुरे'वर आली होती, पण ते त्यालाही कळलं नाही आणि तिलाही. मी टेबलावरच्या बामाच्या डबीकडे बघत होते. मला वाटलं, आता संपलं. सरकारी कागदावर खोटं कारण दिल्याचं आम्ही आपल्या तोंडाने कबूल करून बसलो होतो.

साहेबाने विचारलं, "लग्न झालं की नाही झालं?"

"झालं, साब. जमादार जेवून गेला."

"मग कागदावर खोटं काय आहे?" त्याने टाक उचलला. "कराचीच्या खिडकीवरच बाळंतपण म्हणून सांगितलं असतं तर पहिल्याच अर्जाला तीन महिने मिळाले असते. सांगायला काय झालं होतं?"

फिरोजाबीला आता तोंड फुटलं होतं. "साब, तुमच्या घरात सांगत व्हते काय? पोलिसाला?"

साहेबाने टाक तसाच धरला. मग म्हणाला, "आमची आई पाचव्या महिन्यापर्यंत शेजारणीलासुद्धा सांगू देत नसे." आणि तो हसला, आणि हसता हसता पुन्हा शिंकला.

त्याने दोन महिन्यांची वाढ दिली. अट एवढीच, की श्रीवर्धनच्या दवाखान्याचा दाखला जोडायचा, आणि मूल झालं की जमादाराने आई आणि मूल प्रत्यक्ष पाहून तसं कळवायचं. इथवर सगळं गोड झालं होतं. पण बाहेरच्या खोलीतला कारकून कानाने जरा कमी होता, आणि साहेबाने पडशाच्या घोगऱ्या आवाजात मजकूर त्याला ओरडून सांगितला: "अर्जदार गरोदर! गरोदर लिहा! आठवा महिना!"

सगळ्या कचेरीने माना वळवल्या. कारकून, शिपाई, अर्ज घेऊन बसलेले लोक, सगळे आमच्याकडे बघत होते. फिरोजाबी जागच्या जागी आकसली. तिने पडदा खाली ओढला आणि माझा हात धरून जवळजवळ पळत मला बाहेर आणलं. सुरूच्या झाडांखाली येऊन ती वाळूत मटकन बसली.

"मुदत मिळाली, फिरोजाबी," मी म्हटलं.

"मिळाली," ती म्हणाली. "पण केवढी मानसं बघीत व्हती, मास्तरीण."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. जहुरा आनंदात होती, वाडीत सावलीला बसून सुपाऱ्या निवडायची, नव्या भावजयीबरोबर हसायची. तिला वाटत होतं, संकट टळलं. आई मात्र वाळत चालली होती. हलिमाला तिने एक वाकडा शब्द बोलला नाही, कारण ती बोलतच नव्हती. दुपारी भगदाडातून माझ्याकडे यायची, चुलीपाशी बसायची आणि उठून जायची. एकदाच म्हणाली, "काय झालं तर मी सोताला माफ करनार न्हाय. पैल्यांदा गावाला सांगितलं. ह्या वक्ताला सरकारला सांगितलं."

मार्च संपता संपता, दिवस भरायला थोडे बाकी असतानाच, एका सकाळी जहुराला कळा सुरू झाल्या. आमच्या गावची सुईण आवडाबाई आली. तिच्या हातावर निम्मं गाव जन्मलं होतं, फिरोजाबीची दोन्ही मुलंसुद्धा. दार लागलं. मी आणि हलिमा बाहेर पाणी तापवत होतो. फिरोजाबी आत होती. दुपार झाली, मशिदीतून अजान झाली, तरी आत नुसतं कण्हणं. आवडाबाई एकदा दार किलकिलं करून म्हणाली, "आडवं हाय. फिरवतंय मी. भिऊ नका." ती असं म्हणाली तेव्हा आम्ही भ्यायला लागलो. मी माझ्या देवाचं नाव घेतलं आणि मग, कमी पडायला नको म्हणून, फिरोजाबीच्याही देवाचं घेतलं.

उन्हं कलली तेव्हा मूल रडलं. आधी अगदी बारीक, मग असं काही, की कुंपणावरचे कावळे उडाले. हलिमाने मला मिठी मारली. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही वाटलं नव्हतं. फिरोजाबी दारात आली, चेहरा पुसला, आणि म्हणाली, "पोरगी. दोगी धडधाकट." मग ती ओट्यावर बसली आणि एका वर्षाचं राहिलेलं रडणं रडली.

पुढचं थोडक्यात सांगते. चाळीस दिवस भरल्यावर जहुरा पोरीला घेऊन वेळेत परत गेली. त्यानंतर ती दोनदा आली, दोन्ही वेळा खरं कारण सांगून. हलिमाचं आणि फिरोजाबीचं भांडण पहिल्या पावसाळ्यातच सुरू झालं आणि शेवटपर्यंत रंगलं, पण नाखवा काही पोरीला परत न्यायला आला नाही. उलट तो म्हणायचा, दोघी तोडीस तोड निघाल्या.

पण मला सांगायचं आहे ते जमादाराच्या फेरीचं. बाळंतिणीच्या खोलीत परका बाप्या जात नाही आणि चाळीस दिवसांच्या आत पोर कुणाच्या नजरेला पडत नाही. गल्लीतल्या बायकांनाही पोर कपाळावर तीट लावून, निम्मं तोंड झाकून दाखवतात, आणि कुणी 'छान आहे' म्हणत नाही. उलट नाक मुरडून 'काळी आहे हो' म्हणायचं असतं. अंबाजीला हे सगळं ठाऊक होतं. आठव्या दिवशी तो आला तो अंगणातच थांबला. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "तेवढं पुरे. पाह्यलं म्हनून लिवतो. उगाच नजर नको." आणि टोपी सारखी करून तो वळला.

खरं तर सुटका झाली होती. मी ओट्यावर होते, मी त्याला मनातल्या मनात दुवाही दिला. फिरोजाबीने मात्र त्याला हाक मारली.

"थांब, जमादार. न पाह्यता पाह्यलं लिवू नको. आता काय खोटं लिवायचं न्हाय."

ती आत गेली आणि पोरीला घेऊन बाहेर आली. डोक्यावरचं कुंचडं काढलेलं, तोंड उघडं, भर उन्हात. आतून जहुरा "आय, आय" करत होती. हलिमा दारात थिजून उभी होती. फिरोजाबीने ते दुपट्यातलं गाठोडं सरळ अंबाजीच्या हातांत दिलं. त्याला ते कसं धरावं कळेना, तो मिशांसकट घाबरला होता. पोर रडायची थांबली आणि त्याच्या पट्ट्याच्या बक्कलाकडे बघत राहिली.

"बघितलीस?"

"बघितली."

"कशी हाय?"

अंबाजीने माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्याला वाचवणार होते. रीतीप्रमाणे काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. पण त्याने पुन्हा पोरीकडे पाहिलं आणि पुटपुटला, "ग्वाड हाय, फिरोजाबी. लई ग्वाड हाय."

"मोठ्यानं बोल," फिरोजाबी म्हणाली. "गल्लीला आयकू जाऊ दे."